बलुचिस्तानांतील मराठे : एका प्रवादाची चिकित्सा

पाकिस्तानांतील बलुचिस्तान प्रांताच्या पूर्व अंगास डेरा बुगटी हा डोंगराळ मुलूख आहे. तेथील बुगटी टोळींत ‘म्राटा’ किंवा ‘मऱ्हाटा’ या नांवानें ओळखला जाणारा एक वर्ग आढळतो. पानिपतावरून अबदालीनें नेलेल्या मराठे बंदिवानांचे हे वंशज होत, असें अलीकडे मराठी वृत्तपत्रांतून व पुस्तिकांतून वारंवार प्रतिपादण्यांत येतें. हें मत वाचकांस प्रिय झालें आहे, आणि प्रिय मताची परीक्षा सहसा कोणी करीत नाहीं. म्हणून ती येथें करण्याचें योजिलें आहे.

पूर्वपक्ष असा : ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतचा संग्राम झाला. कलातचा नसीरखान अबदालीचा अंकित होता. अबदालीनें परततांना कांहीं बंदी त्याच्या स्वाधीन केले व खानानें ते टोळ्यांत वांटून दिले. याच्या पुष्टीस तीन गोष्टी सांगतात : वर्गाचें नांव, ‘शाहू’, ‘पेशवानी’ इत्यादि पोटनांवें, आणि विवाहांतील हळद, गांठ वगैरे आचार.

जें सिद्ध आहे तें प्रथम वेगळें काढूं. युद्धानंतर पुरुष बंदिवानांची सरसकट कत्तल झाली व बायकामुलें गुलाम म्हणून नेण्यांत आलीं, हें समकालीन फारसी वृत्तांतांवरून निर्विवाद आहे. १७५८ च्या कलातच्या वेढ्यानंतर झालेल्या तहान्वयें नसीरखानानें अबदालीचें स्वामित्व पत्करून मोहिमांत सैन्य देण्याचें कबूल केलें, हेंही खरें. म्हणजे बंदी होते, आणि त्यांस बलुचिस्तानाकडे नेऊं शकणारा हातही होता. परंतु शक्यता आणि घटना यांमधील अंतर कागदानें भरून निघावें लागतें. तो कागद या पक्षाच्या एकाही लेखांत पुढें आलेला नाहीं.

आतां तीनही प्रमाणें पाहूं. आचारांचें प्रमाण सर्वांत दुबळें आहे. विवाहापूर्वीं वधूस हळदीचें उटणें लावण्याची चाल सिंध व पंजाबांतील मुसलमान कुटुंबांतही सर्रास आहे. जें सर्वत्र आढळतें, तें एकाचें कूळ ठरवूं शकत नाहीं.

‘पेशवानी’ हें नांव वाचतांच पुण्याच्या वाचकास शनिवारवाडा आठवावा, हें स्वाभाविक आहे. पण बुगट्यांच्याच शंबानी, नोथानी, पेरोजानी या शाखांचीं नांवें शेजारीं मांडून पाहावींत. ‘आनी’ हा बलुच कुलनामांचा नेहमींचा प्रत्यय असून तो मूळपुरुषाच्या नांवास जोडला जातो. तेव्हां केवळ ध्वनिसाम्यावर पेशव्यांचें पद तेथें नेऊन बसविणें शास्त्रास धरून नाहीं. शिवाय, पुरुष मारले गेले आणि बायकामुलें तेवढीं उरलीं, असें साधनें सांगतात. मग परदेशीं दास्यांत वाढलेल्या पोरक्या मुलांनीं धन्याच्या हुद्द्याचें नांव पिढ्यान्‌पिढ्या जपलें, याला वेगळें प्रमाण हवें.

राहिलें वर्गाचें नांव. हें प्रमाण खरोखर वजनदार आहे, आणि तें झटकून टाकणें अन्यायाचें होईल. परंतु नांव कोठून आलें हें सांगतें, केव्हां आलें हें सांगत नाहीं. १८४० त मुंबईच्या फौजेच्या पांचव्या देशी पलटणीच्या एका तुकडीनें शेजारच्या मरी टोळीच्या काहान येथील गढींत महिनोन्‌महिने वेढा सोसला, व त्याच वर्षीं नफुस्क खिंडींत मुंबईच्या फौजेची मोठी हानि झाली. त्या फौजेंत कोंकण व देशावरचे शिपाई पुष्कळ असत. म्राटा वर्ग त्यांच्यापासून झाला असें आमचें म्हणणें नाहीं. मराठ्यांचें नांव त्या डोंगरांत पोंचण्यास पानिपत ही एकच वाट नव्हती, एवढेंच दाखवावयाचें आहे.

या सर्व लेखनांतील मोठा दोष मात्र याहून निराळा आहे. हा वर्ग बुगटी समाजांत दीर्घकाळ दासवर्ग म्हणून गणला गेला. सुई येथें १९५२ त नैसर्गिक वायु सांपडल्यावर त्या भागांत राहिलेल्या सिल्व्हिया मॅथेसन यांच्या १९६७ च्या ‘द टायगर्स ऑफ बलुचिस्तान’ या ग्रंथांत त्यांचा उल्लेख येतो. पुढें १९७६ त कायद्यानें सरदारी पद्धति रद्द ठरली, तरी टोळीचा अंमल कागदावरच्या कलमानें ओसरला नाहीं. २६ ऑगस्ट २००६ रोजीं नवाब अकबरखान बुगटी लष्करी कारवाईंत मारले गेले, आणि त्या मुलुखाची घडी विस्कटली. दास्य, वायूची खाण, सरदार व सरकार यांचा झगडा, या चौकटींत त्या लोकांचें खरें चरित्र आहे. आमचे लेखक त्यांत फक्त हरवलेला भगवा शोधतात. गुलामीच्या दोन-अडीचशे वर्षांस ‘मराठी अस्मिता जपली’ या एका वाक्यांत गुंडाळणें म्हणजे ज्यांनीं तें भोगलें त्यांसच इतिहासांतून वगळणें होय. आणि ज्या देशांत सीमेपलीकडील आप्तपणा संशयास पात्र ठरतो, तेथील दुबळ्या वर्गावर येथून असें नातें लादतांना तर प्रमाणाची जबाबदारी दुप्पट होते.

राजवाड्यांनीं १८९८ त मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तो पानिपतपर्यंतच्या काळाचाच होता. शेजवलकरांचा ‘पानिपत १७६१’ हा ग्रंथ १९४६ त पुण्यासच निघाला. दोघांचीही शिस्त एकच : आधीं पत्र, मग मत. प्रस्तुत प्रश्नासही तीच लावली पाहिजे. पेशवे दप्तरांत आणि जुन्या घराण्यांच्या रुमालांत १७६१ नंतरच्या बंदी-सोडवणुकीचीं पत्रें कोणास आढळल्यास, त्यांतील स्थळनामें व दलालांचीं नांवें बारकाईनें पाहावींत. कलात दरबारच्या कागदांत गुलामांच्या विक्रीच्या व मुक्ततेच्या नोंदी आढळल्यास त्यांशीं तीं ताडून पाहण्याजोगीं आहेत. कंदाहार, कलात किंवा सिवी यांपैकीं एक नांव जरी अशा पत्रांत निघालें, तरी शंभर लेखांहून अधिक काम होईल. तोंपर्यंत या मतास ‘संभाव्य, परंतु असिद्ध’ याहून वरची पदवी देतां येत नाहीं.