नग्न छायाचित्रण, नागरी अवकाशातील

शहरातील रस्ते, चौक, पूल इ. सार्वजनिक स्थळी विवस्त्र मानवी देहाचे कलात्मक हेतूने केलेले छायाचित्रण. नग्न देह हा छायाचित्रणाचा फार जुना विषय असला, तरी दीर्घकाळ त्याचे स्थान छायाचित्रशाळेत किंवा निसर्गाच्या एकांतात होते. एडवर्ड वेस्टन (१८८६–१९५८) या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील वाळूच्या टेकड्यांवर घेतलेल्या छायाचित्रांत देहाची वळणे वाळूच्या वळणांशी सहज जुळतात. शहरात असा मेळ संभवत नाही. डांबर, काँक्रीट व पोलाद यांच्या सान्निध्यात देहाची मृदुता आणि असुरक्षितता अधिकच जाणवते. या विरोधातच या छायाचित्रणप्रकाराचे सामर्थ्य आहे.

स्पेन्सर ट्यूनिक (१९६७– ) या अमेरिकन कलावंतामुळे हा प्रकार जगभर प्रसिद्धीस आला. १९९२ पासून त्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर, प्रामुख्याने पहाटेच्या वेळी, एकेकट्या वा मोजक्या व्यक्तींची नग्न छायाचित्रे घेतली. त्याबद्दल त्याला अनेकदा अटक झाली. १९९९ मध्ये त्याने शहराच्या पोलिस प्रशासनाविरुद्ध दावा लावला व २००० मध्ये संघीय अपील न्यायालयात निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढे त्याच्या रचना विशाल झाल्या. बार्सेलोना येथे (२००३) सु. ७,०००, मेक्सिको सिटीच्या सोकालो चौकात (२००७) सु. १८,००० व सिडनीच्या ऑपेरा हाउससमोर (२०१०) सु. ५,२०० लोक सहभागी झाले. सहभागी व्यक्ती स्वेच्छेने व विनामोबदला येतात.

समूहातील नग्नता कामुकता मावळविते, हे या रचनांचे निर्विवाद यश होय. हजारो देह एकत्र आले, की वर्ण, वय व बांधा यांतील भेद नजरेआड होतात आणि जनसमूह एखाद्या सजीव पृष्ठभागासारखा दिसू लागतो. तथापि याच यशात त्यांची मर्यादाही दडलेली आहे. आरंभीच्या छायाचित्रांतील एकाकी देह शहराला आणि त्याच्या कायद्याला प्रश्न विचारतो. नंतरच्या भव्य रचनांत तो केवळ रंगद्रव्य होऊन राहतो. इंग्लंडमधील हल येथे (२०१६) सु. ३,२०० लोकांनी निळ्या रंगाच्या चार छटा अंगाला फासल्या होत्या. ती रचना तेथील फेरेन्स कलावीथीनेच करवून घेतलेली होती. जेथे रस्ते बंद करून देण्यास नगरप्रशासन तयार असते आणि कलासंस्था यजमान असतात, तेथे आव्हानाची जागा उत्सव घेतो.

समूहात निर्माण होणारी समताही किती नाजूक असते, हे सोकालो चौकात दिसून आले. अखेरच्या टप्प्यात केवळ स्त्रियांचे छायाचित्रण सुरू असता, कपडे घालून परतलेल्या पुरुषांपैकी काहींनी भ्रमणध्वनीवर त्यांची छायाचित्रे घेतल्याच्या तक्रारी झाल्या. सारेच विवस्त्र होते तोवर कोणी कोणाचा प्रेक्षक नव्हता. काहींनी वस्त्रे परिधान करताच उरलेल्यांची नग्नता प्रदर्शनवस्तू बनली. नग्न छायाचित्रणाचे नैतिक मूल्य देहाच्या उघडेपणावरून ठरत नाही. पाहणारा व पाहिला जाणारा यांच्यातील संबंधावरून ते ठरते. या कसोटीवर ट्यूनिकची संख्येने लहान, आरंभीची छायाचित्रे त्याच्या विक्रमी रचनांपेक्षा सरस ठरतात. कारण त्यांत व्यक्ती हरवत नाही आणि शहरही निव्वळ पार्श्वभूमी होत नाही.