चिन्ह, बिल्ला आणि गोंदण

अंगावरचे सोने मागे राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी आपल्याकडील जुन्या बायकांची समजूत असे. गोंदवून घेण्याच्या वेदनेचे समर्थन म्हणून हे वाक्य सांगितले जाई. परंतु नीट पाहिले तर त्यात चिन्हांविषयीचा एक संपूर्ण सिद्धांत सामावलेला आहे. काही चिन्हे काढून ठेवता येतात, काही येत नाहीत. आणि या दोहोंचा अर्थ एकाच रीतीने लावता येत नाही. डिक हेब्डिज यांचा ‘सबकल्चर : द मीनिंग ऑफ स्टाइल’ हा १९७९ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ अलीकडे पुन्हा वाचताना आम्हांला या समजुतीची वारंवार आठवण झाली. ग्रंथ नवा नाही. तथापि रॉक संगीताच्या चाहत्यांचा पोशाख, त्यांचे बिल्ले, त्यांच्या दंडांवरील चित्रे यांविषयी कोणी गंभीरपणे बोलू लागला की याच ग्रंथाचा हवाला प्रथम दिला जातो. म्हणूनच त्याची भूमिका कोठवर पोहोचते आणि कोठे थांबते हे पाहणे अगत्याचे आहे.

हेब्डिज हे बर्मिंगहॅम विद्यापीठातील संस्कृती-अभ्यास केंद्राच्या परंपरेतले. रिचर्ड हॉगार्ट यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या आणि पुढे स्टुअर्ट हॉल यांनी नावारूपास आणलेल्या या केंद्राने, ज्याला पंडित क्षुल्लक समजत आले त्याच्याकडे शोधक दृष्टीने पाहण्याची शिस्त लावली. हेब्डिज यांचा विषय दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधील श्रमिक वर्गाची तरुण मुले हा आहे. एडवर्डकालीन धाटणीचा लांब कोट घालणारे टेडी बॉय, स्कूटरवरून हिंडणारे नीटनेटके मॉड, आणि १९७६च्या सुमारास गालांत सेफ्टी पिना खोवून अवतरलेले पंक, अशी ही मालिका. या मुलांनी बाजारातल्याच वस्तू उचलल्या आणि त्यांना भलतीच जागा दिली. लंगोट अडकवण्याची पिन कानात गेली, की ती पिन राहत नाही. ते एक वाक्य होते. क्लोद लेवी-स्त्रोस यांनी आदिम समाजांच्या विचारपद्धतीसाठी वापरलेली, हाताशी असेल त्यातून नवे जुळवण्याची कल्पना हेब्डिज येथे मोठ्या कौशल्याने योजतात. पुढे ते असेही दाखवतात की समाज या बंडाला दोन वाटांनी पचवतो : एक तर बंडाच्या खुणा दुकानात विकायला ठेवतो, नाहीतर बंडखोराला घरचेच खोडकर पोर ठरवून मोकळा होतो.

एवढे श्रेय दिल्यावर आमचा पहिला आक्षेप मांडतो. हेब्डिज चिन्ह वाचतात, ते धारण करणाऱ्याला फारसे विचारत नाहीत. ग्रंथाच्या शेवटी ते स्वतःच मान्य करतात की, ज्यांच्याविषयी हे लिहिले त्यांना या पानांत आपला चेहरा ओळखू येण्याचा संभव कमी आहे. ही कबुली प्रामाणिक आहे. पण प्रामाणिकपणाने उणीव भरून निघत नाही. अँजेला मॅकरॉबी यांनी या साऱ्या परंपरेवर रास्त ठपका ठेवला की, तिच्यात मुली जवळजवळ कोठेच दिसत नाहीत. रस्ता दिसतो, घर दिसत नाही.

स्वस्तिकाचे प्रकरण याहून बोलके आहे. काही पंक तरुणांनी नाझींचे स्वस्तिक अंगावर मिरवले. हेब्डिज यांचे म्हणणे असे की, त्यात नाझी विचार नव्हता. हमखास धक्का बसावा एवढ्यासाठीच ते चिन्ह घेतले होते, आणि त्यातला अर्थ मुद्दाम काढून टाकला होता. आम्हां भारतीयांना हे विवेचन विशेष बारकाईने वाचावे लागते. आपल्या उंबरठ्यावर कुंकवाने काढलेले स्वस्तिक आणि त्या राजवटीचे स्वस्तिक यांचे आकार भाऊबंद; परंतु अर्थ आकारात नसतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही चिन्हातला अर्थ धारकाने ‘काढून टाकला’ म्हणून तो जात नाही. ज्याचे आप्त छळछावणीत मारले गेले, त्याच्यासमोर हे चिन्ह रिकामे नसते. अर्थावर धारकाची एकट्याची मालकी नाही. पाहणाऱ्याचाही त्यात वाटा आहे, आणि मृतांचाही आहे. हेब्डिज यांच्या चतुर विश्लेषणात हा तिसरा वाटेकरी हरवतो.

आता त्यांच्या चौकटीबाहेरचे एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत १९६५ साली कॅलिफोर्नियात ‘ग्रेटफुल डेड’ हा वाद्यवृंद उभा राहिला. ‘कृतज्ञ मृत’ हे नाव जेरी गार्सिया यांना एका कोशात सापडले. अनेक देशांत आढळणाऱ्या एका लोककथेचे ते नाव आहे. कर्ज फिटले नाही म्हणून एका प्रेताला मूठमाती मिळत नसते. एक वाटसरू आपल्याजवळचा पैसा देऊन ते ऋण फेडतो. पुढे संकटात त्याला एक अनोळखी सोबती साह्य करतो, आणि तो सोबती म्हणजे तोच मृत. ‘ऋणानुबंध’ हा शब्द ज्या भाषेत रोजच्या बोलण्यात आहे, तिच्या वाचकाला या कथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

या वृंदाची चिन्हे आज असंख्य माणसांच्या कातडीवर आहेत. त्यांतील गुलाबांनी वेढलेल्या सांगाड्याची वंशावळ पाहण्याजोगी आहे. एडमंड सलिव्हन या इंग्रज चित्रकाराने उमर खय्यामच्या रुबायांच्या, फिट्झजेराल्डकृत इंग्रजी अवताराच्या, १९१३च्या आवृत्तीसाठी ते रेखाटले. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील अॅल्टन केली आणि स्टॅनली माउस यांना ते जुन्या पुस्तकात आढळले. त्यांनी ते उचलले, रंगवले आणि जलशाच्या भित्तिपत्रकावर छापले. १९७१ मध्ये त्याच कल्पनेने वृंदाच्या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन सजले, आणि तेथून ते दंडांवर गेले. माधव जूलियन यांनी मूळ फारसीवरून आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरूनही खय्याम मराठीत आणला. ‘द्राक्षकन्या’ वाचलेल्या वाचकाला हे कळेल की, मृत्यू आणि फूल यांची ही जोडी त्या चाहत्याच्या दंडावर अनाहूत आलेली नाही. फारसी कवी, इंग्रज अनुवादक, इंग्रज चित्रकार, अमेरिकन भित्तिपत्रक आणि शेवटी एखाद्या अनाम माणसाची त्वचा, असा तिचा प्रवास आहे. याला चोरी म्हणावे तर सगळी परंपराच चोरीची ठरेल.

दुसरे चिन्ह कवटीचे, जिच्या माथ्यात वर्तुळाकार पोकळीत तेरा टोकांची वीज आहे. तिचा उगम कळला तेव्हा आम्ही थक्क झालो. वृंदाचे ध्वनियोजक औस्ली स्टॅनली यांची अडचण अशी होती की, मोठ्या उत्सवांत अनेक वृंदांच्या पेट्या एकसारख्या दिसत आणि आपल्या कोणत्या हे ओळखू येत नसे. म्हणून १९६९च्या सुमारास बॉब थॉमस या चित्रकाराच्या साहाय्याने त्यांनी एक खूण सिद्ध केली : वर्तुळ आणि त्यात वीज. कवटी नंतर आली. म्हणजे ज्या आकृतीच्या टोकांवर भक्तांनी पुढे नाना अर्थ चढवले, ती मुळात सामानावरची खूण होती! बदलीच्या हुकुमासरशी काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव घालून फलाटावर उभे राहिलेल्या आमच्या वाचकांना यात हसण्यासारखे आणि विचार करण्यासारखेही काही सापडेल. हरवू नये म्हणून केलेली खूण आणि आपण कोणाचे हे सांगणारी खूण यांत अंतर फार थोडे असते.

तिसरे चिन्ह रंगीत अस्वलांचे. १९७३ च्या एका ध्वनिमुद्रिकेच्या पाठीवर ती प्रथम आली. स्टॅनली यांचे टोपणनावच ‘अस्वल’ होते. ती अस्वले नाचत नाहीत, चालत आहेत, असे ते सांगत असत. जग मात्र त्यांना नाचणारी अस्वले म्हणूनच ओळखते. कर्त्याचा हेतू चिन्हाला बांधून ठेवू शकत नाही, याचे याहून सुटसुटीत उदाहरण टीकाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही.

यावर हेब्डिज-संप्रदायी म्हणेल : ठीक, परंतु हीच चिन्हे आता सदऱ्यांवर, पेल्यांवर, मुलांच्या खेळण्यांवर विकली जातात, म्हणजे बंड पचवले गेले. डॉन हेन्ली यांच्या १९८४च्या ‘द बॉईज ऑफ समर’ या गाण्यातही महागड्या मोटारीवर चिकटवलेली या चाहत्यांची पट्टी दिसते, ती सरलेल्या तारुण्याची खूण म्हणून. तो बोचरा तपशील खोटा नाही. परंतु ती पट्टी आहे; नख लावले की निघते. आणि येथेच आमचा मुख्य मतभेद आहे. हेब्डिज यांनी चिन्हाचा जन्म पाहिला, त्याचा बाजारातला मृत्यूही पाहिला. मधले दीर्घ आयुष्य पाहिले नाही. कारण त्यांच्या लेखी चिन्ह हे नेहमी कोणाविरुद्ध तरी काढलेले उद्गार असते. ते आपसांत दिलेले वचनही असू शकते, ही शक्यता त्यांनी पुरेशी धुंडाळली नाही.

आपल्याकडे तुळशीची माळ घातली म्हणजे केवळ गळा सजत नाही. ‘माळ घातली’ याचा अर्थ अभक्ष्य सोडले, वारी धरली. चिन्ह काय म्हणते यापेक्षा ते काय मागते, ही कसोटी माळकऱ्याने फार पूर्वी घालून दिली आहे. या कसोटीवर हे परदेशी चाहते अगदीच नापास होतात काय? तसे दिसत नाही. या वृंदाने श्रोत्यांना आपले जलसे ध्वनिमुद्रित करू दिले. १९८४ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र जागाही राखली. त्या फितींची देवघेव करावी, विक्री करू नये, हा तेथला दंडक होता. ज्या देशात सर्वकाही विकले जाते तेथे एवढा नेम चालवणे ही लहान गोष्ट नव्हे. गार्सिया १९९५ मध्ये निवर्तले आणि त्या नावाचा वृंद थांबला. फिती मात्र हातोहात फिरत राहिल्या. ऋण फेडण्याच्या कथेवरून नाव घेतलेल्या मंडळींचे ऋण असे फिटत राहिले.

आम्ही या पंथाचे स्तुतिपाठक नव्हे. वृंदाच्या भोवती मादक द्रव्यांचा जो वावर होता त्याने अनेक आयुष्ये नासली, आणि कवटीवरील गुलाबांनी ते झाकता येणार नाही. पुष्कळांनी ते चित्र कोणताही नेम न पत्करता, केवळ देखणे म्हणून कोरून घेतले असेल. माळही सगळेच पाळतात असे नाही. परंतु उल्लंघन होते म्हणून नेम नव्हताच असे ठरत नाही.

आपल्या सैन्यभरतीच्या नियमांतही हा भेद वेगळ्या रूपाने दिसतो. सामान्य उमेदवाराला कायमचे गोंदण हाताच्या ठरावीक भागापुरतेच चालते. आदिवासी उमेदवाराला मात्र जमातीच्या रूढीनुसार सवलत असते. शासनालाही, म्हणजे, कातडीवरचे चित्र कोणत्या समाजाच्या संमतीने आले हे विचारावेसे वाटते. प्रश्न योग्य आहे. मात्र रूढी जुनीच असावी लागते हे आम्ही मानत नाही. समाज पन्नास वर्षांतही बनतो, आणि त्याची रूढीही.

हेब्डिज यांचा ग्रंथ वाचावा, कारण पोशाखाकडे वाङ्मयाप्रमाणे पाहण्याची नजर तो देतो. मात्र तो वाचून झाल्यावर, घरातील मुलगा किंवा मुलगी दंडावर कवटी आणि गुलाब कोरून घेऊन दारात उभी राहिली, तर ‘याचा अर्थ काय?’ एवढेच विचारून थांबू नये. तो अर्थ पुस्तकात मिळेल. ‘याने तुझ्याकडे काय मागितले?’ हे विचारावे. त्याचे उत्तर त्या मुलाजवळच असेल. आणि नसेल, तर गोंदणारीच्या सुईपेक्षा त्या प्रश्नाचीच टोचणी त्याला अधिक काळ जाणवत राहील.