गर्दीतली सुरक्षितता: सायकल मोहिमांच्या लाडक्या आलेखाची उलटतपासणी

सायकलसाठी झटणाऱ्या जवळपास प्रत्येक गटाच्या सादरीकरणात एक आलेख असतो. आडव्या अक्षावर सायकल चालवणाऱ्यांचं प्रमाण, उभ्या अक्षावर दर सायकलस्वारामागे होणारे अपघात. रेघ डावीकडून उजवीकडे आधी धाडकन आणि मग हळूहळू खाली येते. अर्थ उघड वाटतो: सायकली वाढल्या की सायकल चालवणं सुरक्षित होतं.

मीही हा आलेख वापरलाय. पुण्यातल्या आमच्या भागातल्या एका गटाच्या निवेदनाला तो मीच जोडून दिला होता. ते वाचून एक अधिकारी शांतपणे म्हणाले, "मग आधी सायकली वाढू द्या ना, अपघात आपोआप कमी होतील. ट्रॅकचं नंतर बघू." गटातले सगळे चिडले. मला मात्र चिडता येईना, कारण आलेखाचा अर्थ त्यांनी आमच्याइतकाच नीट लावला होता. घोळ आमच्या पुराव्यात होता.

या आलेखाचा उगम म्हणजे पीटर जेकबसन यांचा २००३ सालचा पेपर, 'इंज्युरी प्रिव्हेन्शन' या नियतकालिकातला. कॅलिफोर्नियातली ६८ शहरं, डेन्मार्कमधली ४७ गावं, काही युरोपीय देश, शिवाय ब्रिटन आणि नेदरलँड्समधली वर्षानुवर्षांची आकडेवारी. निष्कर्ष असा की चालणं किंवा सायकल चालवणं जितकं वाढतं, त्याच्या ०.४ घाताच्या प्रमाणात जखमींची संख्या वाढते. म्हणजे सायकली दुप्पट झाल्या तर जखमी दुप्पट होत नाहीत, साधारण ३२ टक्क्यांनी वाढतात. दर सायकलस्वाराचा धोका सुमारे ३४ टक्क्यांनी घटतो. कॅल्क्युलेटरवर २ चा ०.४ घात काढून बघा, लगेच जुळेल. जेकबसन यांचा तर्क असा, की रस्त्यावर जास्त सायकली दिसल्या की वाहनचालक बदलतो, जपून चालवतो. पेपर छोटा आणि स्वच्छ लिहिलेला आहे. सांगायलाही सोपा, म्हणूनच तो इतका पसरला.

आता एक प्रयोग करा. एक्सेलमध्ये ६८ काल्पनिक शहरं घ्या. एका रकान्यात सायकलस्वारांची संख्या म्हणून १,००० ते २०,००० मधले कुठलेही आकडे येऊ द्या. दुसऱ्या रकान्यात जखमी म्हणून २० ते १०० मधले कुठलेही. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आता जखमींना सायकलस्वारांनी भागा आणि तो भागाकार सायकलस्वारांच्या संख्येसमोर मांडा. तीच सुंदर, उतरती रेघ! सायकलस्वारांची संख्या आडव्या अक्षावर आहे आणि उभ्या अक्षाच्या छेदातही तीच बसलीय, त्यामुळे दुसरं काही घडूच शकत नाही. कार्ल पिअर्सन यांनी १८९७ मध्येच या सापळ्याबद्दल लिहून ठेवलं होतं. त्यांचा विषय हाडांची मापं हा होता, पण गणित हेच.

इथे जेकबसन यांच्यावर अन्याय नको. त्यांनी ०.४ हा घातांक भागाकारावरून नाही, तर जखमींची संख्या थेट सायकलींच्या प्रमाणासमोर मांडून काढला. माझ्या एक्सेलमधल्या शहरांना तीच पद्धत लावली तर घातांक शून्याच्या आसपास येतो. ०.४ म्हणजे शून्य नव्हे. मग शंका कशाची? मोजमापाची. कॅलिफोर्नियाच्या शहरांत सायकल किती चालते हे ठरवलं होतं कामावर सायकलने जाणाऱ्यांच्या जनगणनेतल्या प्रमाणावरून. शाळेची मुलं, दूधवाला, रविवारी भटकणारे, कोणीच त्यात नाहीत. समजा एखाद्या शहरात प्रत्यक्षापेक्षा जास्त सायकली मोजल्या गेल्या. त्याचा ठिपका उजवीकडे सरकतो, आणि छेद फुगल्यामुळे खालीही जातो. कमी मोजल्या, तर ठिपका डावीकडे आणि वर. म्हणजे मोजणीतली निव्वळ चूकसुद्धा ठिपक्यांना त्याच उतारावर नेऊन बसवते आणि घातांक १ पासून शून्याकडे ओढते. खरा घातांक ०.४ पेक्षा मोठा असू शकतो. किती मोठा, हे त्या डेटावरून सांगता येत नाही.

पुढे रून एल्विक आणि टॉरकेल ब्योर्नस्काऊ यांनी २०१७ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. सायकलींसाठी घातांक आला ०.४३. म्हणजे हा संबंध पुन्हा पुन्हा दिसतो, तो वाऱ्यावर सोडून देता येणार नाही. पण तो कार्यकारण आहे का, हा प्रश्न तिथेही उघडाच राहतो. रस्ते सुरक्षित असतात म्हणून लोक सायकल काढतात, की लोक सायकल काढतात म्हणून रस्ते सुरक्षित होतात? वेगवेगळ्या शहरांचा एकाच वेळचा फोटो याचं उत्तर देऊ शकत नाही. नेदरलँड्समध्ये १९८० ते १९९८ दरम्यान सायकल वाढली आणि मृत्यू घटले हे खरं, पण त्याच काळात तिथे मोटारीत बसलेल्या माणसांचे मृत्यूही घटले. त्याचं श्रेय सायकलींच्या गर्दीला कसं देणार?

त्याच विश्लेषणात एक दुसरा आकडा आहे, जो मला मोहिमांच्या एकाही स्लाइडवर दिसलेला नाही. मोटार वाहनांच्या संख्येसाठी घातांक ०.५०. तो जसाच्या तसा धरला, तर मोटारी निम्म्या झाल्यावर अपघात सुमारे २९ टक्क्यांनी कमी व्हावेत. हाही संबंधच आहे, सिद्ध कारण नाही. पण समीकरणात दोन पदं असताना सायकलस्वारावर भार टाकणारं पद तेवढं आम्ही उचललं आणि मोटारीचं सोडून दिलं. अधिकाऱ्यांचं उत्तर त्यातूनच आलं.

डच मोहिमेनं हे केलं नव्हतं. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसं मेली, त्यात ४०० हून अधिक मुलं. त्यानंतर उभ्या राहिलेल्या आंदोलनाचं नाव होतं 'स्टॉप दे किंडरमोर्ड', म्हणजे मुलांचे खून थांबवा. आधी सायकली वाढवू, असं ते म्हणत नव्हते. सायकल तर तिथे आधीची वीस वर्षं घटतच होती. मागणी होती मोटारीला आवर घालण्याची. १९७६ मध्ये 'वोनेर्फ' म्हणजे गल्लीत माणसांना पहिला हक्क देणाऱ्या रस्त्यांना कायद्यात जागा मिळाली.

अशा उपायांचा परिणाम मोजायचा कसा, याचा बरा नमुना लंडनमध्ये आहे. २०२० मध्ये तिथे अनेक वस्त्यांत खांब आणि कॅमेरे लावून आरपार जाणारी मोटार वाहतूक बंद केली. अँथनी लॅव्हर्टी, रेचल ऑल्ड्रेड आणि अ‍ॅना गुडमन यांनी अशा ७२ वस्त्यांतले जखमी बदलाच्या आधी आणि नंतर मोजले आणि उरलेल्या लंडनशी ताडून पाहिले. वस्तीच्या आत जखमींची संख्या तुलनेने निम्मी झाली, कडेच्या मोठ्या रस्त्यांवर वाढ दिसली नाही. त्रुटी आहेतच. तुलना वर्षातल्या तीनच महिन्यांची, आणि नंतरचे तीन महिने नेमके कोविडच्या वर्षातले. तरी बाकीचं शहरही त्याच साथीतून जात होतं, म्हणून तुलनेला अर्थ राहतो. जेकबसन यांचा आलेख एका नजरेत पटतो. हा अभ्यास समजवायला दहा मिनिटं लागतात. निवेदनाला मी आता दुसराच जोडेन.

आपल्याकडे अडचण त्याच्याही आधीची आहे. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, भाड्याच्या सायकली आल्या आणि गेल्या, ट्रॅकवर दुचाकी उभ्या राहिल्या. पण ट्रॅक होण्याआधी त्या रस्त्यावरून किती सायकली जात होत्या, हे विचारलं तर आमच्या गटाकडे उत्तर नव्हतं. 'आधी' नसेल तर 'नंतर'ला कशाशी ताडणार?

म्हणून सध्या आम्ही दोन चौकांत मोजतोय. एका चौकाजवळ गतिरोधक आणि खांब मागितलेत, दुसऱ्याजवळ काहीच मागितलेलं नाही, तो तुलनेसाठी. सकाळी ७ ते ९, हातात वही, सायकली आणि मोटारी वेगळ्या. पहिली फेरी झाली. दुसरी पावसाळ्यानंतर घेणार आहोत, कारण जूनमधल्या सायकली जानेवारीतल्या सायकलींशी ताडल्या तर एवढं लिहिलेलं सगळं वाया जाईल.