पेशीतला दुभाषा

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पहिलेच प्रकरण आहे. जनुकातील मजकुरावरून पेशी प्रथिन कसे घडवते, ते तिथे तीन शब्दांत मांडले आहे : प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. कोल्हापूर संस्थानचे मोडी कागद वाचता वाचता या विषयाकडे वळलो. म्हणून हे शब्द मला माझ्याच कामातले वाटले आणि जरा घासून पाहावेसे वाटले.

पहिला शब्द चोख आहे. मोडीचे बालबोध करताना लिपी बदलते, भाषा मराठीच राहते. डीएनएवरून एम-आरएनएची नक्कल निघते तेव्हाही चार अक्षरांची भाषा तीच असते. थायमिनच्या जागी युरॅसिल येते, इतकेच. नक्कल करणारा मक्षिकास्थाने मक्षिका लिहितो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर आढळणारा सिकलसेल हा आजार पाहा. बीटा-ग्लोबिनच्या जनुकात जीएजीऐवजी जीटीजी झालेले असते. पुढे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन बसते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. नकलाकार चुकलेला नाही, वाचणाराही नाही. मूळ दस्तच तसा आला आहे.

माझी तक्रार आहे ती दुसऱ्या शब्दाच्या स्पष्टीकरणाबद्दल. टी-आरएनए त्रिकाला जुळणारे अमिनो आम्ल आणून देतो, एवढे सांगून प्रकरण पुढे सरकते. मग भाषांतर केले कोणी? वाचणाऱ्याची समजूत होते की रायबोसोमने. वास्तविक रायबोसोमला अमिनो आम्लांची भाषा येतच नाही. १९६२ साली शापव्हिल, लिपमन, बेन्झर आदींनी एक सुरेख खोडी काढली. टी-आरएनएला जोडलेल्या सिस्टीनचे त्यांनी रसायनाने जागच्या जागी ॲलानिन करून टाकले. रायबोसोमने ते सिस्टीनच्या जागी मुकाट्याने गुंफले. त्याने चिठ्ठी पाहिली, माल पाहिला नाही. दोन्ही भाषा जाणणारा खरा दुभाषा म्हणजे योग्य टी-आरएनएला योग्य अमिनो आम्ल जोडून देणारी विकरे. बहुतेक पेशींत प्रत्येक अमिनो आम्लासाठी असे एक विकर असते. त्यांचा उल्लेख नसेल तर 'भाषांतरण' हा नेमका शब्द पोकळ राहतो. 'स्थानांतरण' तर रायबोसोमचे त्रिकागणिक पुढे सरकणे; तो भाषांतराचाच एक भाग, त्याला वेगळी पायरी कशाला केली कळत नाही.

मोडीची उपमा मात्र फार ताणू नये. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. एम-आरएनएतही त्रिकांमध्ये खूण नसते, आरंभ चुकला की पुढचे सारे वाचन चुकते. इथवर जुळते. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, एकाच अक्षराची दोन वाचने संभवतात आणि मागचे-पुढचे पाहून निवाडा करावा लागतो. पेशीत उलट आहे : ६१ त्रिके आणि २० अमिनो आम्ले, म्हणजे अनेक लेखने, वाचन एक. निवाड्याचे काम रायबोसोमकडे जवळजवळ नाहीच.

उरलेली तीन त्रिके 'थांबा' सांगतात. या थांब्यांच्या इतिहासात मुंबईचेही एक नाव आहे, हे मुलांना सांगायला हवे होते. ओबेद सिद्दीकी यांनी अमेरिकेत ॲलन गॅरन यांच्याबरोबर ई. कोलाय जिवाणूवर काम केले. एका जनुकातल्या बिघाडाने प्रथिन तयार होईनासे होते; दुसऱ्याच एका जनुकातला बदल ते पुन्हा होऊ देतो, असे त्यांना आढळले. पुढे उलगडले की बिघाड म्हणजे भलत्या जागी पडलेला 'थांबा' आणि असा बदल टी-आरएनएत झाला, तर तो टी-आरएनए त्या थांब्यावरही अमिनो आम्ल आणून देतो. सिद्दीकी १९६२ मध्येच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढच्या आवृत्तीत विकरांसाठी दोन ओळी आणि या कामासाठी एक चौकट, एवढी जागा 'स्थानांतरणा'चा मथळा काढला तरी सहज निघेल.