राजवाड्याच्या वेषातील वखार

मँचेस्टर शहरी पोर्टलंड स्ट्रीटवर १८५६ साली पुरी झालेली वॉट्स यांची कापडाची वखार पाहणारास प्रथम राजवाडाच वाटते. ट्रॅव्हिस व मँग्नॉल या शिल्पज्ञांनी तिच्या मजल्यामजल्यास निराळा वेष चढविला आणि माथ्यावरील मनोऱ्यांत चक्राकार गॉथिक गवाक्षे बसविली! गिऱ्हाइकावर छाप पाडण्याचा हा व्यापारी डौल आम्हांस समजतो, शैलींची खिचडी मात्र रुचत नाही. (१९८२ त तिचे हॉटेल झाले, तेव्हा त्या थाटास निदान काही अर्थ आला.) आम्हांस अधिक मोलाच्या वाटतात त्या लिव्हरपूलच्या आल्बर्ट गोदीवरील, १८४६ त उघडलेल्या वखारी. आगीच्या भयाने जेसी हार्टले याने बांधणीत लाकूड वर्ज्य करून वीट, दगड व लोखंड यांवरच भिस्त ठेविली. धक्क्यालगतच्या जाडजूड बिडाच्या खांबांवर वरचा सारा भार उघडपणे तोललेला दिसतो.