कॅमेऱ्याचे ओझे कुणाच्या खांद्यावर?

आपल्याकडच्या चित्रपट-समीक्षेत ‘हँडहेल्ड कॅमेरा’ हा शब्द आला, की पाठोपाठ ‘अस्वस्थता’, ‘वास्तवाचा स्पर्श’, ‘माहितीपटासारखी शैली’ ही ठरावीक शब्दावली येते आणि परिच्छेद संपतो. कॅमेरा हातात होता म्हणजे नेमका कुठे होता? खांद्यावर, छातीशी, कमरेपाशी, की दोन्ही हात पुढे ताणून धरलेला? त्याचे वजन शरीराच्या कोणत्या भागावर पडत होते? हे प्रश्न आपण तंत्रज्ञांचे म्हणून सोडून देतो. माझे म्हणणे असे, की ते समीक्षेचेच प्रश्न आहेत. आणि डिजिटल कॅमेरा आल्यापासून ते टाळणे अधिक महागात पडू लागले आहे.

चित्रपटाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. फिल्म सोसायट्यांचे खेळ, रद्दीत मिळालेली मासिके आणि कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिका ही माझी शाळा. या पुस्तिका रूक्ष असतात खऱ्या, पण कॅमेरा बनवणाऱ्याने माणसाच्या शरीराविषयी काय गृहीत धरले आहे, ते त्यांत स्पष्ट दिसते. त्या दृष्टीने मी त्यांना चित्रपट-सिद्धान्ताचे ग्रंथच समजतो.

शरीराला धरून कॅमेरा घडवण्याचा इतिहास फार जुना नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट ड्रू, रिचर्ड लीकॉक यांच्या गटाने आणि फ्रान्समध्ये जाँ रूश, मिशेल ब्रो यांनी १६ मिमी कॅमेरा तिवईवरून उतरवून माणसांत नेला. पण ती यंत्रे बरीचशी डागडुजी करून वापरण्याजोगी केलेली होती. पुढचे पाऊल ग्रनोब्लच्या जाँ-पिएर बोव्हियाला यांचे. १९७१ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या आतों कंपनीचा कॅमेरा ‘खांद्यावरची मांजर’ या नावाने ओळखला गेला. मांजर खांद्यावर बसते ती आपला तोल आपणच सांभाळून. फिल्मची पेटी मागे, लेन्स पुढे आणि मधला खोलगट भाग खांद्यावर, अशी ती रचना. दोन हात, खांदा आणि व्ह्यूफाइंडरला टेकलेला चेहरा अशा चार ठिकाणी यंत्र शरीराला भिडलेले. उजवा डोळा चौकटीत आणि डावा उघडा ठेवला तर बाहेरच्या जगात, अशी दुहेरी नजर छायालेखकाला मिळे. चौकटीत कोण शिरणार आहे, हे त्याला आधीच दिसे. त्या काळच्या माहितीपटांत कॅमेरा माणसाकडे वळतो तेव्हा जो सहजपणा जाणवतो, त्यात या उघड्या डोळ्याचा वाटा मोठा आहे.

डिजिटल युगात हा धागा तुटला. २००७ मध्ये बाजारात आलेल्या रेड कंपनीने कॅमेऱ्याच्या मूळ पेटीसाठी ‘ब्रेन’ म्हणजे मेंदू हा शब्द रूढ केला. समीक्षकाने थांबावे असा हा शब्द आहे. मेंदू एकदा विकत घेतला, की डोळा, हात, खांदा हे सगळे सुटे भाग ठरतात. पुढच्याच वर्षी कॅनन ५डी मार्क-२ हा स्थिरचित्रणाचा कॅमेरा पूर्ण एचडी चलच्चित्रे टिपू लागला. त्याची किंमत आवाक्यात होती आणि सेन्सर मोठा होता. मात्र चित्रण सुरू झाले, की आरसा वर जाई आणि डोळ्याला लावायची खिडकी आंधळी होई. मागच्या पडद्याकडे पाहण्यासाठी कॅमेरा चेहऱ्यापासून लांब धरावा लागे. खांदा आणि गाल हे दोन्ही आधार एका फटक्यात गेले.

ही उणीव भरून काढायला उपकरणांचा एक बाजार उभा राहिला. कॅमेऱ्याभोवतीचा धातूचा पिंजरा म्हणजे केज, खांद्याची गादी, पुढच्या मुठी, वरचे हँडल, फोकस फिरवण्याचे चाक, वेगळा मॉनिटर, मागे बॅटरी. हे सारे जोडायचे १५ मिमी जाडीच्या दोन नळ्यांवर. हलक्या रिगमध्ये त्यांच्या मध्यबिंदूंतले अंतर ६० मिमी ठरलेले असते, म्हणून एका कंपनीचा भाग दुसरीच्या रिगवर बसतो.

यातले गणित साधे आहे. तीन किलोचा कॅमेरा खांद्याच्या एक फूट पुढे असेल, तर तोल साधण्यासाठी खांद्यामागे एक फुटावर आणखी तीन किलो लावावे लागतात. हातांवरचा ताण हलका होतो, पण खांद्यावर सहा किलो येतात. ‘हलका कॅमेरा’ या जाहिरातीतल्या शब्दाचा अर्थ असा रिग बांधल्यावर कळतो. ओझे नाहीसे होत नाही, ते फक्त जागा बदलते. आणि ते जिथे जाते, तिथून चित्रपट पाहू लागतो.

याचे ठळक उदाहरण मुंबईतच घडले. डॅनी बॉयल यांचा ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ (२००८) छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी काही भाग ३५ मिमी फिल्मवर आणि मोठा भाग एसआय-२के या डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केला. मँटल यांनी १९९८ मध्ये डॉग्मा चळवळीतला ‘फेस्टन’ हा चित्रपट घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपला होता. कॅमेरा हातातच हवा, हा त्या चळवळीचा नियमच होता. एसआय-२केमध्ये लेन्स आणि सेन्सरचा छोटा भाग वेगळा काढता येई. तो हातात धरायचा आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासारखी केबल जोडून चित्रमुद्रण करणारा संगणक पाठीवरच्या पिशवीत ठेवायचा. हातातले वजन पाठीवर गेले, आणि त्यामुळे लेन्स खाली उतरू शकली.

वस्तीतून पळणाऱ्या मुलांचा पाठलाग पुन्हा पाहावा. कॅमेरा बराच वेळ मुलांच्या छातीच्या, गुडघ्यांच्या उंचीवर आहे. खांद्यावरचा कॅमेरा जगाकडे उभ्या प्रौढ माणसाच्या उंचीवरून पाहतो, आणि मुलांकडे पाहायचे तर वरून खाली. या चित्रपटावर गरिबीचे प्रदर्शन मांडल्याची टीका आपल्याकडे पुष्कळ झाली. ती कथेविषयी खरी असेल वा नसेल. पण नजरेविषयी बोलताना नजरेची उंची मोजायला हवी होती. बोळांत हा चित्रपट मुलांच्या बरोबरीने धावतो, आणि पुढे शहराची छपरे दाखवायला उंच चढतो तेव्हा पाहुण्यासारखा पाहतो. हा फरक कॅमेरा कुठे धरला यातून आला आहे. त्या चित्रपटाला छायालेखनाचे ऑस्कर मिळाले, मुख्यतः डिजिटलवर टिपलेल्या चित्रपटाला पहिल्यांदाच. चर्चा मात्र फिल्म की डिजिटल, एवढ्यावरच अडकली.

नंतरच्या साधनांनाही हाच नियम लागू पडतो. स्वीडनच्या योहान हेल्स्टेन यांच्या ईझीरिगमध्ये कॅमेरा डोक्यावरून पुढे आलेल्या दांडीला दोरीने लटकतो आणि भार कमरपट्ट्यावर जातो. खांदे सुटतात, चौकट मात्र डोळ्यापासून छातीपर्यंत खाली येते. २०१३ नंतर पसरलेल्या मोटारींच्या गिम्बलमध्ये कॅमेऱ्याचे कलणे आणि वळणे सावरले जाते, पण पावलागणिक होणारी वरखाली हालचाल सावरली जात नाही. म्हणून गिम्बलवाला गुडघे वाकवून, टाचेकडून चवड्याकडे पाऊल टाकत चालतो. चित्र तरंगते ते त्याच्या मांड्यांच्या जोरावर.

सुट्या भागांच्या पद्धतीचे फायदे मी नाकारत नाही. अलेक्सा मिनीसारखी सव्वादोन किलोची पेटी सकाळी खांद्यावर, दुपारी गिम्बलवर आणि संध्याकाळी ड्रोनवर जाऊ शकते. एकट्याने काम करणाऱ्याला, अरुंद खोलीत शिरणाऱ्याला, लहान चणीच्या माणसाला या पेट्यांनी दार उघडले. शिवाय सगळेच निर्माते खांदा विसरले असे नाही. आरीचा अमिरा हा कॅमेरा एकट्या माहितीपटकाराने खांद्यावर घ्यावा याच हेतूने रचलेला होता. मुद्दा एवढाच, की एके काळी जी जबाबदारी कॅमेऱ्याच्या रचनाकाराची होती, ती आता प्रत्येक छायालेखकाच्या पाठीवर, मानेवर आणि खिशावर आली आहे. ती पेलणारे शरीर श्रेयनामावलीत असते, समीक्षेत नसते.

एका चित्रपटाने हे शरीर समोर आणले. कर्स्टन जॉन्सन यांचा ‘कॅमेरापर्सन’ (२०१६) त्यांनी इतरांच्या माहितीपटांसाठी वर्षानुवर्षे टिपलेल्या तुकड्यांतून रचलेला आहे. सुरुवातीलाच मोकळा रस्ता, ढगाळ आभाळ, वीज चमकते. आणि मग कॅमेऱ्यामागची बाई शिंकते व सारी चौकट हादरते. एरवी संकलनात कापली गेली असती अशी ती शिंक या चित्रपटाचा विषयच सांगून जाते. प्रत्येक चौकटीला फुप्फुसे असतात.

वाचकांनी पुढचा चित्रपट पाहताना चालत्या शॉटमधल्या क्षितिजरेषेकडे किंवा दाराच्या चौकटीकडे पाहावे. पावलाबरोबर ती सावकाश डावी-उजवीकडे कलत असेल, तर कॅमेरा बहुधा खांद्यावर आहे. ती सरळ राहून नुसती वरखाली होत असेल, तर गिम्बल. बारीक, भरभर थरथर असेल, तर हलका कॅमेरा आधाराविना हातात आहे. त्यानंतर विचारावे, की या पात्राकडे, या प्रसंगी, याच उंचीवरून का पाहिले? उत्तर कधी दिग्दर्शकाच्या दृष्टीत सापडेल, कधी भाड्याने आणलेल्या रिगमध्ये, तर कधी दिवसाच्या अकराव्या तासाला थकलेल्या खांद्यात. तिन्ही उत्तरांची नोंद घेणारी समीक्षा मराठीत लिहिली जावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.