‘व्यवस्था’ हा शब्द आणि कलम १३२

गेल्या पावसाळ्यात किहीमला आमच्या वाडीतील विहारात पडदा बांधून आम्ही आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट दाखविला. तो संपल्यावर माझ्या चुलतीने मला अडविले. दुसऱ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा शिंपण्यात तिचा जन्म गेला आहे. तिने विचारले, “मंग त्या गोळी घालणाऱ्याचं काय झालं?” मी म्हणालो, “जन्मठेप झाली, काकी. मग जामीनही झाला.” ती म्हणाली, “म्हंजे सजा झाली का न्हाय झाली?”

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. महाविद्यालयात साहित्य शिकवितो. या प्रश्नावर मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे माझ्या एकट्याचे नाही, आपल्या साहित्यव्यवहाराचेही आहे, असे मला वाटते.

घटना सर्वांना ठाऊक आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. पटवर्धन यांचा कॅमेरा या मृत्यूपासून निघतो आणि चौदा वर्षे वस्त्यांतून, जलशांतून, मृतांच्या घरांतून फिरत राहतो.

या पटाविषयी आपण बोललो ते बहुधा गाण्यांविषयी आणि शाहिराच्या वेदनेविषयी. ते रास्तच आहे. परंतु माझ्या मते त्याचे खरे बळ त्याच्या सबुरीत आहे. शोक ओसरल्यावरही तो तिथेच थांबतो. आयोग बसतो, अहवाल येतो, खटला रेंगाळतो, आणि पोरके झालेले मूल पडद्यावर मोठे होत जाते. न्यायाचा विलंब हा शब्द आपण नेहमी वापरतो; इथे तो माणसांच्या वयात मोजता येतो.

आता कायद्याकडे वळू. जमाव गॅस-टँकर पेटवून देणार होता, ही पोलिसांची बाजू न्या. गुंडेवार आयोगाने मान्य केली नाही. गोळीबार असमर्थनीय ठरवून त्याने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरले. पण १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली आलेला अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, आणि साक्षीदाराने आयोगापुढे केलेले निवेदन पुढे फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. म्हणजे आयोगापुढे जे निघाले ते न्यायालयात पहिल्यापासून सिद्ध करावे लागते. २००९ साली सत्र न्यायालयाने कदम यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप दिली. मध्ये बारा वर्षे गेली होती. पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला.

खटल्याच्या दाराशी आणखी एक पहारा असतो. जमाव पांगविण्याच्या अधिकाराखाली केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कवच कलम १३२ म्हणून होते. स्वतंत्र भारताने १९७३ मध्ये नवी संहिता केली, तरी कवच राहिले आणि आकडाही तोच राहिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५१ झाले. लोकसेवकांसंबंधीच्या सर्वसाधारण कलम २१८ मध्ये सरकारने १२० दिवसांत निर्णय घ्यावा, न घेतल्यास मंजुरी मिळाली असे समजावे, अशी तरतूद आली आहे. कलम १५१ ला मात्र अशी मुदत नाही.

आमच्या जिल्ह्याला हे काही लांबचे नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला तो परक्यांच्या राज्यात. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात सिडकोविरुद्धच्या आंदोलनात पाच शेतकरी पडले ते आपल्या राज्यात. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. वर्गात मी विचारले, तेव्हा तो साडेबारा टक्क्यांचा हिशेब पोरांना तोंडपाठ होता. गोळीचा हुकूम कोणी दिला, हे एकालाही सांगता आले नाही. भरपाईची आठवण राहते, जबाबदारीची पुसली जाते.

यात आपल्या लेखनाचाही वाटा आहे. गोळीबारावरच्या आपल्या कवितेत आरोपी एकच असतो : व्यवस्था. हा शब्द खोटा नाही. एका उपनिरीक्षकाच्या हातात बंदूक आणि मनात आपल्याविषयीचा तुच्छभाव कोणी दिला, हे विचारायला तो शब्द लागतोच. पण व्यवस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. तिथे नावाचा माणूस लागतो. उलट, कायदा एका उपनिरीक्षकाचे नाव घेतो आणि त्याच्यावरची सगळी शिडी अंधारात ठेवतो. कवितेत माणूस हरवतो, निकालपत्रात व्यवस्था हरवते. आणि या दोन्हींच्या मधल्या फटीतून वरचे अधिकारी सुखरूप निसटतात.

पटवर्धन यांचा पट त्या फटीत दिवा धरतो, हे त्याचे श्रेय. तरीही विहारातून परतताना लोकांच्या ओठी गाणी होती. कलम कोणाच्याही ओठी नव्हते. हा दोष मी दिग्दर्शकाच्या माथी मारीत नाही. ते काम आपले होते. बाबासाहेबांनी सत्याग्रहही केला आणि कोर्टातही ते उभे राहिले. आपण त्यातला पहिला वारसा गायिला, दुसरा वकिलांवर सोडून दिला.

म्हणून माझी एवढीच मागणी आहे. शिक्षकांनी आयोगाचा अहवाल कवितेइतक्याच बारकाईने वर्गात वाचावा. कार्यकर्त्यांनी मोर्चाला जाताना हजर अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि वेळ टिपून घ्यावी. कवींनी व्यवस्थेला शिव्या जरूर द्याव्यात, पण हुकुमाच्या साखळीतले प्रत्येक नावही विचारावे.

काकीला मी अजून नीट उत्तर दिलेले नाही. पुढच्या ११ जुलैला विहारात पुन्हा पडदा बांधू. या वेळी पट संपल्यावर दिवे लावून कलम १५१ वाचणार आहे, सावकाश, आमच्या बोलीत. काकीला पुढच्या रांगेत बसविणार आहे.